वेलभाज्यांची फुलं, बीजांडं आणि परागनळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही काही जण वेलभाज्या लावतो आणि मी ठाण्यातच ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे मला दोन्हीकडून प्रश्न येतात. गच्चीवाले फोटो टाकतात, "ताई दुधी पिवळा पडून गळतोय", आणि परीक्षा जवळ आली की बारावीची मुलं विचारतात, "मॅम न्यूसेलस म्हणजे नक्की काय हो". दोघांचंही उत्तर एकाच जागी आहे, मादी फुलाच्या खाली जो बोटभर हिरवा भाग असतो त्याच्या आत. म्हणून सगळे प्रश्न एकत्रच लिहिले. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिकडचा नंबर दिलाय.

१. ताई, वेल फुलांनी भरलाय पण फळ एकही नाही, काय चुकतंय?

बहुतेक वेळा काहीच चुकत नसतं. दुधी, कारलं, दोडका, काकडी, लाल भोपळा या सगळ्यांत एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि सुरुवातीला नुसती नरच येतात. फुलाच्या खाली बघा, बारीक सरळ देठ असेल तर नर, आणि पाकळ्यांच्या खाली इवलासा दुधी किंवा इवलंसं कारलं चिकटलेलं असेल तर मादी. कडक ऊन आणि मोठा दिवस असला की नर फुलं जास्त येतात, शिवाय शेणखत-युरियाचा मारा झाला की वेल नुसता पानांनी माजतो. थोडे दिवस थांबा, मादी येतील. मादी येऊनही गळत असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

२. मादी फुलाखाली छोटं फळ तर आधीपासूनच असतं, मग पराग कशाला लागतात?

ते फळ नाही, अंडाशय आहे. या कुळात अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो म्हणून तो फळासारखा दिसतो. त्याच्या आत शेकडो बीजांडं असतात आणि एकेका बीजांडाची पुढे एकेक बी होते. फळ वाढवायचं की नाही हे वेल त्या बियांवरून ठरवतो. फलन झालेल्या बीजांडांतून हार्मोन्स निघतात आणि त्यांच्यामुळे भोवतीचा गर वाढायला लागतो. बीजांडं रिकामी राहिली तर वेल त्या अंडाशयावर अन्न खर्च करत नाही, तीन-चार दिवसांत तो पिवळा पडतो, सुकतो आणि गळतो.

पिवळं पडण्याचं दुसरं कारण फळमाशी, आणि या दोन्हींत खूप जणांची गल्लत होते. माशीने डंख केलेल्या फळावर बारीक टोचल्याची खूण असते, तिथे डिंकाचा थेंब आलेला असतो आणि कापलं की आत अळ्या. असं असेल तर परागीभवन करून काही उपयोग नाही, क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर फळमाशीला ओढणाऱ्या आमिषाचा सापळा लावा आणि गळलेली फळं कुंडीत पडू देऊ नका, लगेच पिशवीत बांधून टाका.

आणि तिसरं कारण, वेलावर आधीच दोन-तीन मोठी फळं लटकलेली असतील तर नवीन फळ नीट फलन होऊनही गळू शकतं. तयार झालेली फळं वेळेवर काढत जा.

३. बीजांडं डोळ्यांनी दिसतात का?

दिसतात, आणि माझं म्हणणं आहे की एकदा तरी बघाच. दोडक्याची उद्या उमलेल अशी मादी कळी घ्या, गळणारीच असली तरी चालेल. नव्या ब्लेडने अंडाशयाचा आडवा पातळ काप काढा आणि काळ्या कागदावर ठेवून भिंगातून बघा. काप पाणीदार हिरवट दिसतो आणि त्यात पांढरे ठिपके तीन ठिकाणी जमलेले दिसतात. तीन ठिकाणी कारण साधारण तीन स्त्रीकेसरदलं एकत्र येऊन हा अंडाशय झालेला असतो, आणि बीजांडं जिथून फुटतात त्या तीन जागा भिंतीपासून आत आलेल्या असतात. यालाच पुस्तकात पराएटल प्लासेंटेशन म्हणतात. तसाच उभा काप काढला तर ठिपक्यांच्या लांब रांगा दिसतात, कणसातल्या दाण्यांसारख्या. मुलांना हा काप दाखवला की पुस्तकातली आकृती पाठ करायची वेळच येत नाही.

४. एका बीजांडाच्या आत काय काय असतं? परीक्षेपुरतं नको, नीट समजेल असं सांगा.

बीजांड म्हणजे देठाला लटकलेली एक छोटी पिशवी. बाहेरून दोन आवरणं असतात, म्हणून त्याला बायटेग्मिक म्हणतात. आवरणं टोकाला पूर्ण जुळत नाहीत, एक बारीक वाट राहते, ती मायक्रोपाइल. आवरणांच्या आत पेशींचा गच्च गोळा, तो न्यूसेलस, मराठी पुस्तकात प्रदेह. या कुळात हा न्यूसेलस चांगला जाडजूड असतो, आणि त्याचा आकार अगदी तुंब्यासारखा, खाली फुगीर आणि वर मान निघालेली. ती मान मायक्रोपाइलच्या वाटेत घुसलेली असते, तिला न्यूसेलर बीक म्हणजे चोच म्हणतात. दुधीच्या बीजांडात दुधीच्याच आकाराची वस्तू सापडते हे मला दर वर्षी शिकवताना नव्याने आवडतं.

न्यूसेलसच्या पोटात एम्ब्रियो सॅक म्हणजे भ्रूणकोष. त्यात सात पेशी आणि आठ केंद्रकं. मायक्रोपाइलच्या बाजूला एक अंडपेशी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन सिनर्जिड, विरुद्ध टोकाला तीन अँटिपोडल, आणि मध्ये एक मोठी पेशी जिच्यात दोन पोलर केंद्रकं असतात.

आता महत्त्वाची गोष्ट, हे बीजांड उलटं असतं, ॲनाट्रोपस. म्हणजे वाढताना ते देठावर असं वळतं की त्याचं तोंड पुन्हा देठाच्याच बाजूला येतं. हे बी हातात घेऊन कसं दिसतं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

५. परागनळी म्हणजे काय, पराग नुसता चिकटून भागत नाही का?

नाही भागत, कारण पराग पडतो फुलाच्या मध्यावरच्या कुक्षीवर आणि अंडपेशी असते खाली अंडाशयात, बीजांडाच्या आत, न्यूसेलसच्या आत. मधलं अंतर पार करायला परागकणातून एक नळी फुटते आणि ती कुक्षीतून खाली वाढत जाते. वेलभाज्यांच्या शुक्रपेशींना स्वतःला पोहता येत नाही, नळी नेईल तिकडे त्या जातात. आपल्या वेलांचा पराग कुक्षीवर पडतो तेव्हा दोन पेशींचाच असतो, त्यातल्या एका पेशीचे दोन भाग होऊन दोन शुक्रपेशी होतात ते नळी वाढत असतानाच.

लाल भोपळ्याचा परागकण तर एवढा मोठा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठा, की बोटाला लागला तर पिवळी पिठी दाणेदार लागते आणि चांगली नजर असेल तर सुटा कण दिसतोसुद्धा. त्यावर काटे असतात, मधमाशीच्या केसांत अडकायला बरे.

परागनळी पहिल्यांदा नोंदवली इटलीच्या जिओव्हानी बात्तिस्ता आमिची यांनी, १८२४ साली, आणि कुठल्या झाडात, तर आपल्या घोळात. जांभळी नाक्याला पावसाळ्यात जुडी मिळते ती घोळाची भाजी, तीच.

६. नळीला पोचायला किती वेळ लागतो?

परागकण ताजा असेल आणि कुक्षी चिकट असेल तर नळी फुटायला अर्ध्या तासाच्या आसपास पुरतो. काकडीत नळ्या बीजांडांपर्यंत जायला साधारण एक दिवस लागतो. अंडाशय लांब असेल तर वरची, म्हणजे फुलाजवळची बीजांडं आधी गाठली जातात आणि देठाकडची सगळ्यात शेवटी. हे लक्षात ठेवा, प्रश्न १२ मध्ये लागेल.

म्हणून सकाळी ब्रश फिरवला आणि दुपारी "काहीच फरक नाही ताई" असा मेसेज करू नका, तीन दिवस थांबा. मान खाली झुकली, हिरवा रंग तकतकीत झाला आणि बोटभराचं दोन बोटं झालं की फलन झालं समजायचं.

७. नळीला रस्ता कसा कळतो? डोळे नाहीत, मेंदू नाही.

अर्ध्या वाटेपर्यंत रस्ता तयारच असतो. कुक्षीपासून खाली एक मऊ, चिकट पेशींचा पट्टा गेलेला असतो, नळी त्याच्यातूनच सरकत जाते आणि त्याच पेशी तिला खायला पुरवतात. तो पट्टा तिला बीजांडं लागलेल्या जागेपर्यंत आणून सोडतो. पुढचं शेवटचं वळण बीजांड स्वतः बोलावून घडवतं.

हे बोलावणं कोण करतं ते जपानमध्ये तेत्सुया हिगाशियामा यांच्या गटाने टोरेनिया या फुलझाडात दाखवलं. तेच जांभळं-पांढरं, नर्सरीत कुंडीत मिळतं ते. टोरेनियाचा भ्रूणकोष बीजांडाच्या बाहेर डोकावतो त्यामुळे मायक्रोस्कोपखाली एकेका पेशीला लेझर मारता येतो. २००१ साली त्यांनी दाखवलं की दोन्ही सिनर्जिड मारल्या तर नळी येतच नाही, आणि २००९ मध्ये सिनर्जिडमधून सुटणारी प्रथिनंही शोधली, त्यांना ल्यूर असं नाव दिलं. आपल्या दुधी-भोपळ्यात भ्रूणकोष न्यूसेलसच्या आत खोल गाडलेला असतो, म्हणून असा प्रयोग त्यांच्यावर करणं फार अवघड.

८. "भोपळ्यात परागनळीला फुगा येतो" असं सरांनी सांगितलं, हे काय आहे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि पुस्तकात याला जेमतेम एक ओळ मिळते. बहुतेक झाडांत नळी भ्रूणकोषात आपला माल रिकामा करते आणि तिचं काम संपतं. लाल भोपळ्याच्या गणात, म्हणजे कुकरबिटामध्ये, नळी न्यूसेलसच्या चोचीतून आत शिरल्यावर फुगते. त्या फुगवट्याला बुला म्हणतात. मग त्यातून फांद्या फुटतात आणि त्या न्यूसेलसमध्ये आणि आतल्या आवरणात पसरतात, मुळांसारख्या. फलन झाल्यावरही ही नळी टिकून राहते आणि भोवतीच्या पेशींतलं अन्न ओढून वाढत्या भ्रूणाकडे पोचवते असं मानलं जातं. म्हणजे नराकडून आलेली एक पेशी, जिचं काम पोचवण्यापुरतंच असायला हवं होतं, ती मागे राहून बाळाला भरवण्यात हातभार लावते. सगळ्या वेलभाज्यांत हे एवढं ठळक दिसत नाही, म्हणून उत्तरपत्रिकेत "कुकरबिटा" असंच लिहा, सरसकट कुकरबिटेसी, म्हणजे या वेलभाज्यांचं अख्खं कुळ, नको.

नळी मायक्रोपाइलच्या बाजूने आत जाते याला पोरोगॅमी म्हणतात. उलट बाजूने जाण्याचं उदाहरण विचारलं तर सुरूचं झाड लिहा, कोकणच्या किनाऱ्यावर रांगेत असतात ते. त्यात नळी चलाझाकडून, म्हणजे मायक्रोपाइलच्या विरुद्ध टोकाकडून शिरते हे ट्रॉइब यांनी १८९१ साली दाखवलं.

९. फलन झाल्यावर बीजांडाच्या कुठल्या भागाचं काय होतं?

एक शुक्रपेशी अंडपेशीशी जुळते, त्याचा भ्रूण होतो. दुसरी मधल्या मोठ्या पेशीशी जुळते, त्याचा एंडोस्पर्म, म्हणजे भ्रूणाचं अन्न. एंडोस्पर्म सुरुवातीला पाणीच असतं, भिंती नसलेली नुसती केंद्रकं त्यात तरंगत असतात. शहाळ्याचं पाणी हेच आहे, तशीच चीज कोवळ्या दुधीच्या बीत थेंबभर असते, बी चिमटीत दाबली की फुटून बाहेर येते. या कुळात एंडोस्पर्मच्या खालच्या टोकाला चलाझाकडे एक लांब शेपटी निघते, हॉस्टोरियम, तीही अन्न शोषते. म्हणजे कुकरबिटात वरून फांद्यावाली नळी आणि खालून ही शेपटी, भ्रूणाची दोन्हीकडून सोय.

बी पिकेपर्यंत हे सगळं अन्न बीजपत्रांनी खाऊन टाकलेलं असतं. भोपळ्याची बी सोलल्यावर जे दोन पांढरट भाग आपण खातो ती बीजपत्रं. काकडीची पिकलेली बी सोलली तर टरफलाच्या आत अगदी पातळ पापुद्रा निघतो, न्यूसेलस आणि एंडोस्पर्मचं एवढंच उरतं. वरचं टरफल बाहेरच्या आवरणाचं झालेलं असतं.

आता भोपळ्याची बी हातात घ्या आणि टोकदार बाजू बघा. तिथेच देठ तुटल्याची खूण असते आणि तिला लागूनच मायक्रोपाइल, कारण बीजांड उलटं होतं. परागनळी याच टोकाने आत शिरली आणि मोड आला की मूळ याच टोकातून बाहेर येणार.

१०. हाताने परागीभवन कधी करायचं? मी रोज सकाळी करते तरी दोडका धरत नाही.

दोडका संध्याकाळी उमलतो! पहिल्या वर्षी माझाही पूर्ण सीझन यात गेला, रोज सकाळी सात वाजता ब्रश घेऊन वर जायचे आणि फुलं कोमेजलेली असायची, मला वाटायचं पाणी कमी पडतंय. एकदा कपडे काढायला सहा वाजता गच्चीवर गेले तर सगळा वेल पिवळाधमक.

दोडका, दुधी, पडवळ ही संध्याकाळ-रात्रीची मंडळी, त्यांच्याकडे पतंग येतात. काकडी, कारलं, लाल भोपळा, कलिंगड सकाळचे. आणि घोसाळं दोडक्याचं सख्खं भावंड असूनही सकाळी उमलतं, त्यामुळे दोघांना एका वेळेला धरू नका.

नर फूल ताजं तोडा, पाकळ्या काढा, मधले वळ्यावळ्यांचे परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवा. कुक्षीचे तीन भाग असतात, तिन्हींना पराग लागला पाहिजे, का ते प्रश्न १२ मध्ये. लाल भोपळ्याचा पराग फार लवकर मरतो, दुपारी फूल मिटेपर्यंतच ताकद कमी झालेली असते, म्हणून कालचं नर फूल फ्रीजमध्ये ठेवून आज वापरू नका.

खारघर-नेरुळच्या उंच टॉवरवाल्यांना हे करावंच लागतं, अठराव्या मजल्यावर मधमाश्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

११. जुलैत वेल छान असतो पण फळं गळतात, पावसाने होतं का?

हो. परागकण पाण्यात पडला की पाणी ओढून फुगतो आणि फुटतो, नळी निघायच्या आधीच. शिवाय धो धो पावसात माशी-पतंगही येत नाहीत. उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी दोन्ही कळ्यांवर आदल्या दिवशी कागदी पिशवी घाला आणि वरून प्लॅस्टिक, पाऊस उघडला की पराग लावा आणि मादीवर पिशवी एक दिवस परत ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यातही पराग कमजोर होतो, तेव्हा जितकं लवकर कराल तितकं बरं.

१२. काकडी एका बाजूला जाड आणि दुसरीकडे बारीक का होते?

ती काकडी उभी चिरा. जाड भागात भरलेल्या बिया दिसतील आणि बारीक भागात चपट्या, रिकाम्या. जिथे नळ्या पोचल्या तिथे बिया झाल्या, जिथे बिया झाल्या तिथे गर वाढला. पराग कमी पडला की फुलाकडची बीजांडं भरतात आणि देठाकडची राहून जातात, पराग कुक्षीच्या एकाच भागाला लागला तर एक बाजू मागे पडून फळ वाकडं होतं. पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस नाही असं केलं तरी आकार बिघडतो, पण तेव्हा बिया सगळीकडे बऱ्यापैकी असतात, त्यावरून कारण ओळखता येतं.

१३. कारल्याशेजारी दुधी लावला म्हणून दुधी कडू झाला, खरं आहे का?

नाही. दोघांचे क्रोमोसोम २२ आहेत हे खरं, पण नुसता आकडा जुळून काही होत नाही, गण वेगळे आहेत. परक्याचा पराग पडला तर नळी फुटत नाही किंवा वाटेत थांबते, आणि जवळच्या जातीत बीजांडापर्यंत गेलीच तरी भ्रूण तग धरत नाही. काकडी आणि खरबूज तर एकाच गणातले, पण काकडीचे क्रोमोसोम १४ आणि खरबुजाचे २४, त्यांचंही जुळत नाही.

दुसरं असं की फळाचा गर आईचा असतो. पराग कोणाचाही असो, या फळाची चव त्याने बदलत नाही, बदल होतो तो बीच्या आतल्या भ्रूणात. म्हणून एखाद्या कडू जातीच्या दुधीचा पराग तुमच्या दुधीला लागला तर यंदाचं फळ गोडच राहील, पण ती बी ठेवून पुढच्या वर्षी लावली तर त्या वेलाचे दुधी कडू निघू शकतात. बी धरायची असेल तर मादी कळीला आदल्या दिवशीच दोरा बांधा आणि आपल्याच दुधीचा पराग लावा.

आणि कडू दुधी कधीच खाऊ नका, रस तर मुळीच नको. त्यात कुकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात, विषबाधा होऊन माणसं दगावली आहेत आणि आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही तसा इशारा दिलाय. चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि पूर्ण फळ टाकून द्या.

१४. सीडलेस कलिंगडात पांढऱ्या मऊ बिया असतात, मग सीडलेस कसलं?

त्या बिया नाहीत, बीजांडांची आवरणं आहेत, आत भ्रूण नाही. जपानच्या हितोशी किहारांनी हे कलिंगड तयार केलं, त्यांचं काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या कलिंगडाचे क्रोमोसोम २२, कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट केलेल्या झाडाचे ४४, दोघांच्या संकरातून ३३ वाल्या बिया. ३३ च्या समान जोड्या लागत नाहीत म्हणून अंडपेशी धड होत नाहीत. पण फळ धरायला परागाचा धक्का लागतोच, म्हणून शेतकरी मध्ये मध्ये साधं कलिंगड लावतात. वाशीच्या मार्केटमधून आणलेल्या सीडलेस कलिंगडात हीच पांढरी आवरणं दिसतात.

पॉलीहाऊसच्या लांब काकडीचं वेगळं आहे, ती परागाशिवायच धरते. तिच्यावर मधमाश्या आल्या तर उलट बिया होतात आणि फळ एका टोकाला फुगतं, म्हणून जाळी लावतात.

१५. करटोलीचा कंद येऊरहून आणून लावला, दोन वर्षं फुलं येतात, फळ नाही.

तुमच्याकडे एकच वेल असेल. करटोली, तोंडली, परवल यांत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. तोंडल्यात तर माणसासारखे एक्स आणि वाय क्रोमोसोम आहेत. प्रश्न १ प्रमाणे फुलाखाली बघा. सगळी फुलं बारीक देठाची असतील तर तो नर आहे, त्याला फळ कधीच येणार नाही, मादी कंद आणा. आणि मादी असेल तर नर आणा, आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. करटोली संध्याकाळी उमलते.

१६. परागनळी स्वतः बघायची आहे, काय लागेल?

कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप पुरतो. एक लिटर पाण्यात साखर १०० ग्रॅम, बोरिक ॲसिड १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २०० मिलिग्रॅम आणि पोटॅशियम नायट्रेट १०० मिलिग्रॅम, हे ब्रूबेकर आणि क्वाक यांचं १९६३ चं मिश्रण, जगभर तेच वापरतात. काचपट्टीवर थेंब ठेवा, नुकत्या उमललेल्या फुलाचा पराग त्यात झटका, ओल्या टिश्यूवर झाकून ठेवा. कण फुटायला लागले तर साखर थोडी वाढवा. वीस मिनिटांनी बघायला सुरुवात करा आणि नळीच्या आत दाणेदार रस वाहताना दिसला की हलू नका, बघत बसा.

१७. एकाच मादी फुलावर दोन वेगळ्या वेलांचा पराग पडला तर?

तर एकाच दुधीत दोन बापांच्या बिया. प्रत्येक बीसाठी वेगळी नळी, वेगळा परागकण, त्यामुळे मधमाशी पाच वेलांवर फिरून आली असेल तर एका फळातल्या बिया पाच बापांच्याही असू शकतात. पुढच्या वर्षी एकाच फळाच्या बिया लावून एक वेल लांब दुधी देतो आणि दुसरा गोल, ते यामुळेही होतं. पराग भरपूर पडला तर नळ्या बीजांडांपेक्षा जास्त होतात, ज्या आधी पोचतात त्यांचंच फलन होतं, बाकीच्या वाटेतच संपतात. म्हणून ब्रश एकदा टेकवून सोडू नका, दोन-तीन नर फुलं वापरा.